डिकीतलं पोतं

मुक्ताअक्का कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी खुर्ची गदागदा हलवून बघायची. ‘ढिली शे,’ म्हणायची आणि उभीच राहायची. एकदा तिला बघायला आलेल्या मुलाची खुर्ची तिने तो बसलेला असतानाच हलवली. स्थळ शिरपूरचं होतं. चहा न संपवता परत गेलं.

अक्का माझी चुलतबहीण. जळगावात पोरांना मोटारीचं इंजिन शिकवायची आणि कायम चिडलेली असायची. चिडायला कारणही होतं. तिने जुनी, पण राक्षसी ताकदीची, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी गाडी घेतली होती. शर्यतीत क्लच सोडला की पुढे पळायच्या आधी तिची मागची चाकं धाडधाड उड्या मारायची. बघे हसायचे. ‘बाईच्या हातात दिली की असंच.’ अक्का दात आवळून म्हणायची, ‘चाक उडस, आनि दोष बाईले.’

घरातला तज्ज्ञ मी. म्हणजे तसं फक्त मला वाटायचं. मागे वजन नाही म्हणून चाक उडतं, असा शोध लावून मी चाळीसगावच्या शर्यतीआधी तिला न विचारता डिकीत म्हशींच्या सरकीच्या ढेपेची दोन पोती टाकली. उड्या थांबल्या नाहीत, नुसत्या जड झाल्या. चाक फिरवणारा दांडाच तुटला. अक्काने डिकी उघडली.

‘म्हशी कुठे बांधल्यास?’

‘गोठ्यात,’ मी म्हणालो.

घरी नाना, म्हणजे तिचे वडील, भडकलेच. ‘आते परत मोडनी ते गाडी इकी टाकसू, आनि तुन्हं लगीन करी दिसू. डोक्यावर वझं पडनं म्हंजे उड्या बंद व्हतीन.’

अक्काने मला मानगुटीला धरून गाडीखाली घातलं. मागची चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश होते. तिने पहार लावली. रबर लोण्यासारखं दबलं.

‘जोर आला की हे पिळतं, उलटं उसळतं, आणि चाक कधी रस्ता धरतं, कधी सोडतं. म्हणून उड्या. आणि तुम्ही बठ्ठा, तू काय नि नाना काय, वझं टाका, वझं टाका. ढिलं शे ते घट्ट करा ना, भाऊ.’

तो ‘भाऊ’ मला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

तिने कडक बुश बसवले, शॉकअप बदलले, मागच्या टायरांतली हवा किंचित उतरवली. धुळ्याजवळच्या पुढच्या शर्यतीला नाना स्वतः आले, गाडीचं गिऱ्हाईक सोबत घेऊन. अक्काने क्लच सोडला. चाकं जमिनीला चिकटून राहिली आणि गाडी मागे काळे पट्टे ओढत सरळ सुटली. नंबर आला नाही, पण काही मोडलंही नाही. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, ‘आता तर घेणारच.’ नाना त्याच्यावरच डाफरले, ‘मोडनी नही, ते कसाले इकसू?’

पुढे तिला पुण्यात गाड्यांच्या चाचणीची नोकरी लागली. निघायच्या दिवशी काकूने गव्हाचं पोतं काढलं. ते डिकीत टाकणारा अर्थात मीच. अक्का गाडीतून उतरली, डिकी उघडली आणि बाजूला उभी राहिली. मी पोतं पुन्हा पाठीवर घेतलं.

ओट्यावर खुर्चीत बसलेले नाना माझ्यावर खेकसले, ‘आखो काही टाकेल शे का, नीट देखी ले.’

अक्का हसली नाही. ओट्यावर चढली, नानांसकट त्यांची खुर्ची गदागदा हलवली, आणि या खेपेला ‘ढिली शे’ न म्हणता त्यांच्या शेजारी घटकाभर बसली.

पोतं तोवर माझ्या पाठीवरच होतं.