साडूंची बाजारओळ

जगात तपकिरी रंगाचा भयंकर तुटवडा आहे असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमचे हे साडू सिरसाळ्यात किराणा दुकान चालवतात. वय सत्तरीला टेकलेलं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी आणि हातात लहान मुलांचे प्लॅस्टिकचे ठोकळे, एकात एक खटकन बसणारे, डोक्यावर गुंड्या असलेले. पोरी मोठ्या झाल्या, आता कुणाला तरी देऊन टाका, म्हणून त्यांच्या लेकीनं पुण्याहून या ठोकळ्यांचं एक पोतं पाठवलं होतं. साडूंनी ते कुणालाही दिलं नाही. त्यातून त्यांनी गावची जुनी बाजारओळ उभी करायला घेतली. रस्ता रुंद झाला तेव्हा ती माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, सागवानी फळ्यांच्या दारांची दुकानं पडली आणि तिथं शटरांची रांग आली. साडूंचं दुकानही आता शटरचंच. आत मात्र फळीवर जुनी दुकानं मांडलेली असतात आणि बिस्किटांचे पुडे जमिनीवर.

ठोकळ्याला हात लावण्याआधी आराखडा होतो. चौकटीच्या वहीत पुढची बाजू, मागची बाजू, माळवद, सगळं पेन्सिलीनं. ठोकळ्यावरची एक गुंडी म्हणजे एक वीत, हे त्यांचं प्रमाण, आणि ते प्रमाण मोडणं म्हणजे त्यांच्या लेखी धर्म बुडणं. कापडवाल्याच्या माळवदाचं पन्हाळ डावीकडे होतं की उजवीकडे, यावर त्यांचे पंधरा दिवस गेले. शेवटी त्या कापडवाल्याची मुलगी युसूफ वडगाव या गावी दिलेली आहे, तिला विचारायला ते एसटीनं गेले. माहेरचं माणूस आलं म्हणून तिनं पुरणाचा घाट घातला. साडूंनी पानावर बसल्या बसल्या विचारलं, “पन्हाळ कंच्या अंगाला व्हतं?” ती म्हणाली, आठवत नाही. साडूंनी तिसरी पोळी नको म्हटलं.

गिऱ्हाइकांचे हाल तर विचारू नका. एकदा एकजण चहापत्तीसाठी ताटकळत उभा होता. साडू मान वर न करता म्हणाले, “थांब की बे, माळवद टाकायलोय. आत्ता उठलो तर समदं खाली यील.” आमच्याकडे अंबाजोगाईला आले तेव्हा माझ्या नातीनं बांधलेला किल्ला त्यांनी बराच वेळ न्याहाळला. ते गेल्यावर किल्ल्याच्या बुरुजाखाली चिठ्ठी सापडली: ‘दोन तपकिरी नेले, दोन लाल ठेवले. बुरूज पक्का आहे.’

त्यांच्या दुकानांत माणसं का नाहीत, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “पोत्यात आलती की माणसं. समदी हसरी. दुकानदार कधी असा हसतो का, पाव्हणं? गिऱ्हाईक डोक्यावर बसंल.”

ओळीच्या टोकाला बांगड्यांचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या काकू आता ऐंशीच्या पुढे गेल्यात. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली ती दुकान पडण्याच्या आधीच, त्यामुळे नवी शटरं त्यांनी पाहिलेलीच नाहीत. मागच्या दिवाळीत मी सिरसाळ्यात होतो, तेव्हा साडूंनी त्यांचं दुकान पुरं केलं, परातीत ठेवलं, वर उपरणं झाकलं आणि रुखवत न्यावा तसं ते घेऊन निघाले. मी मागून.

काकूंनी परात मांडीवर घेतली आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. परक्या मनगटांचं माप नुसत्या चिमटीनं घेण्यात जन्म गेलेली ती बोटं. त्यांना दार सापडलं, कोनाडा सापडला, बसायची बैठक सापडली. मग बोटं उंबऱ्याखाली आली आणि थांबली.

“आप्पा, पायऱ्या किती केल्यास?”

“दोन.”

“तीन व्हत्या.”

“न्हाई काकू. लहानपणापून बघत आलोय मी. वहीत बी दोनच हायेत.”

“तू बघत व्हतास,” काकू म्हणाल्या, “मी चढत व्हते.”

साऱ्या गावाच्या चुका काढणारा हा माणूस परात उचलून तसाच घरी आला. पायरी वाढवायची म्हणजे अख्खं जोतं उचलायचं, आणि त्यासाठी करड्या ठोकळ्यांचा एक पुरा थर हवा. पोत्यात करडा उरला नव्हता. तेवढा करडा होता एकाच ठिकाणी, साडूंच्या वडिलांच्या दुकानात. ते त्यांनी सगळ्यात आधी बांधलेलं. धूळसुद्धा ते स्वतःच्या उपरण्यानं पुसत, आमच्या मेव्हणीलाही हात लावू देत नसत. “काळे वापरा की,” मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे खवट शेंगदाण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

सकाळी पाहतो तर साडू वडिलांचं दुकान उतरवत बसलेले. आधी माळवद, मग भिंती, मग फळ्यांचं दार, सगळं शिस्तीत, वरून खाली. थट्टा करायची सोय उरली नव्हती. मी म्हटलं, “अहो, वडिलांचं कशाला मोडता?”

“आमचं माझ्या ध्यानात हाय,” ते म्हणाले. हात थांबले नाहीत. “आन् मला अजून दिसतंय, पाव्हणं.” मग नाक ओढून म्हणाले, “धूळ लई बसलीय ह्याच्यावर.” धूळ कुठंच नव्हती.

दुपारी पुन्हा परात, पुन्हा उपरणं. काकूंची दोन बोटं पावलं टाकावीत तशी एकेक पायरी चढून वर गेली. एक. दोन. तीन. उंबरा ओलांडून आत शिरली आणि बैठकीवर टेकली. बराच वेळ ती तिथंच होती.

“बरोबर हाय,” काकू म्हणाल्या. आणि मग, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना म्हणावं तशा सहज आवाजात, “आप्पा, दार वढून घे रं. ऊन आत यायलंय, बांगड्यांचा रंग उडंल.”

त्या दुकानात एकही बांगडी नव्हती. साडू गुडघ्यांवर बसले आणि करंगळीच्या नखानं त्यांनी ते एवढंसं दार हलकेच ओढून घेतलं.