अडीच मीटरच्या आत

त्या हिरव्या ट्रकची केस विसरू म्हटलं तरी विसरत नाही. नोकरीत पुढं खून बघितले, दरोडे बघितले. पण कुणी विचारलं, बाई, पोलिसात शिकलात काय, तर मी हीच सांगते. हिच्यात गुन्हेगार सापडला नाही. चूक तेवढी सापडली, आणि ती माझी होती.

लातूर तेव्हा नवा जिल्हा. कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या करकरीत, नळ मात्र कोरडे. पावसानं पाठ फिरवलेली. मी तिथल्या ठाण्यात महिला शिपाई होते. मूळची मुखेडकडची, गवंड्याची लेक. शाळा लवकर सुटली. लिहायला-वाचायला शिकले ती भावाच्या पुस्तकांवर, परीक्षा बाहेरून दिल्या. अक्षर बरं, म्हणून पंचनामे लिहायचं काम माझ्याकडं यायचं.

एका सकाळी औसा रस्त्यावरच्या पुलाजवळचा चहावाला एसटीनं येऊन ठाण्यात उभा राहिला. अरुंद पुलावर पोस्टमन सायकलवरून पडला, डोकं फुटलं, आणि त्याला पाण्याच्या टँकरनं उडवलं, अशी खबर त्यानं दिली. टँकर सगळ्यांच्या ओळखीचा. लष्करानं लिलावात काढलेला जुना ट्रक, त्यावर मालकानं टाकी बसवलेली. चालवणारे स्वतः फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. अख्खा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा.

"ते धूड कायद्यापेक्षा रुंद हाय, साहेब," चहावाला म्हणाला. "पुलावर सायकलला जागाच ऱ्हात न्हाई."

चाचांना शोधावं लागलं नाही. जखमीला सरकारी दवाखान्यात त्यांनीच आणलं होतं. पोस्टमन शुद्धीवर आला, पण कसा पडलो ते त्याला काही केल्या आठवेना.

आता नियम असा. रस्त्यावरच्या गाडीची रुंदी अडीच मीटरच्या वर नको; म्हणजे आठ फुटांवर दोन-अडीच इंच, बस्स. फौजेत असताना गाडीचं काय असेल ते असो, खाजगी माणसाच्या हाती आली की इतरांचा नियम तिलाही. हवालदार आणि मी ठाण्याचा कापडी टेप घेतला, ट्रकच्या मागं गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला. साडेआठ फूट भरलं. पंचांच्या सह्या झाल्या. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल, ट्रक जप्त.

ठाण्याच्या साहेबांनी चाचांना समोर बसवून पुन्हा पुन्हा विचारलं. चाचांचं उत्तर बदललं नाही. मी पुलाच्या अलीकडं थांबलो होतो, सायकल येऊ द्यावी म्हणून. तो पुलावरच पडला, मी उचलला. त्यांनी पासिंगचा कागद काढला. त्यावर रुंदी अडीच मीटरच्या आत. साहेब म्हणाले, पासिंगनंतर टाकी वाढवली असेल. चाचांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

गुन्हा जामिनाचा होता. जामीन द्यायला मालक आला, तर चाचा उठेनात.

"जामिनावर गेलो तर लोक म्हणतील, केलं म्हून सोडवून आणला," ते म्हणाले. "तीस साल गाडी चालवली, कुणाला ओरखडा न्हाई. मी हितंच बसतो."

आणि बसले. दोन दिवस. ट्रक आवारात भरलेला उभा, त्याचा नळ थेंब थेंब गळायचा. आमच्या शिपायांनी खाली बादली लावली. चाचा बाकावरून म्हणायचे, "मुद्देमाल पिऊन ऱ्हायले का? कोर्टात काय दाखवाल, रिकामी टाकी?" सगळे हसायचे. मला हसू येईना. खरं सांगते, त्या माणसाची झोप गेलेली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी बादली उचलायला वाकले आणि टाकी बाजूनं दिसली. मागचं तोंड सपाट नव्हतंच, माठासारखं फुगलेलं. आमचा टेप त्या फुगीवरून गेला होता! गवंड्याची पोर मी. पोट सुटलेल्या भिंतीवरून सूत धरलं तर वडील हातातली थापी फेकायचे. शेजारी नव्या कचेरीचं बांधकाम चालू होतं, तिथून ओळंबा मागून आणला. टाकीच्या दोन्ही अंगांनी त्याची दोरी वजनासकट खाली सोडली, जमिनीवर खडूनं खुणा केल्या, त्यांच्यामधलं अंतर मोजलं. आठ फुटांना बोटभर कमी. कागदात होतं तेवढंच.

 चौकशी लागणार, नोकरी जाणार, काय काय मनात आलं. तरी साहेबांना सांगितलं. त्यांनी पहिला पंचनामा मागवून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "दुसरा पंचनामा लिहा. पहिलं माप कसं चुकलं, तेही लिहा. झाकायचं नाही." दुसरा एखादा असता तर माझी चूक झाकली असती आणि चाचांना अडकवलं असतं. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

पण माप बरोबर आलं म्हणजे धडक दिलीच नाही, असं होत नाही. म्हणून पुलावर गेले. अलीकडच्या बाभळीखाली एक बाई शेळ्या राखत होती. परवा इथं टँकर थांबला होता का, म्हणून विचारलं.

"थांबला व्हता की. माझ्या शेळ्या त्याच्या नळाखाली लागल्या, मी हाकलून ऱ्हायले व्हते. तवाच तो सायकलवाला पुलावरच्या खड्ड्यात गेला."

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"कोन इचारलं?"

चहावाल्यानंही मग कबूल केलं. पडल्याचा आवाज ऐकून तो बाहेर आला होता. धडक त्यानं बघितली नव्हती. पोस्टमन खाली आणि पुढं ट्रक, एवढं बघून बाकीचं त्यानं मनानं जोडलं. त्याला कशाला बोल लावू? मीही टेप तसाच लावला होता.

साहेबांनी ट्रक सोडला. मी चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, "कागदावर सुटलो, ठीक. पन गावात कागद कोन वाचतंय? तुम्ही चला, बाई. वर्दीत चला."

साहेबांना विचारून गेले. गळून कमी झालेली टाकी विहिरीवर भरली, चाचा पाणी द्यायचे त्या गावात पोचलो. चार दिवसांची तहान रांगेत उभी होती. बाया चाचांकडं बघेनात. मी ट्रकच्या पायरीवर चढून मोठ्यानं सांगितलं, की चाचांनी कुणाला उडवलं नाही, माप मी चुकीचं घेतलं. 

रांगेत पहिली एक म्हातारी होती. तिनं घागर खाली ठेवली, आधी चाचांना हात जोडले. मग माझ्याकडं वळली.

"सांगितलंस, बरं केलंस, बाई. आता पायरीवरून उतर, चाचाला नळ सोडू दे."

पुढं पदकं मिळाली, शाबासक्या मिळाल्या. पण तिचं ते 'बरं केलंस' त्या सगळ्यांच्या आधीचं, आणि ते मिळालं, कारण चाचांनी मला वर्दीत तिथं नेलं. दुसरा कुणी असता तर माझं तोंडही बघितलं नसतं. मी उतरले, आणि रांगेतल्या घागरी उचलून द्यायला लागले.