मोसंबीच्या सालींचा फवारा

वाटूर फाट्यावर रोज बसची वाट बघताना मला एक माणूस दिसायचा. ज्यूसच्या गाड्याखालच्या मोसंबीच्या साली गोळा करायचा, एखादी चिमटून बोटं हुंगायचा आणि पोतं सायकलला बांधायचा. त्या साली उकळून तो गावतळ्यातल्या जलपर्णीवर फवारतो, असं गाडेवाल्यानं हसत सांगितलं. "पानं करपतात, पण आठ दिवसांत पुन्हा फुटतात. त्यापेक्षा दुकानातलं तणनाशक मारावं!"

मीही हसलो. सालीवाल्यानं ते ऐकलं.

"त्याच तळ्यात म्हशी पानी पितेत. जहर टाकू देनार न्हाई, बिलकुल न्हाई."

"पण ती पुन्हा फुटतेच ना?" मी विचारलं.

त्यानं पोत्याची दोरी करकचून आवळली.

"फुटू द्या. तिला परत परत फुटायची लाज वाटत न्हाई, मंग मला फवारायची काहून वाटावी?"