संध्याकाळी दिलेला शब्द

जपानमध्ये सेंदाईला आल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच माझ्या लक्षात आलं की आमच्या प्रयोगशाळेतली माणसं दोन पाळ्यांत जगतात. दिवसाची माणसं वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. शरीरं तेवढी तीच असतात.

दिवसा आमच्याकडे इतकी शांतता असायची की व्हॅक्यूम पंपाच्या घरघरीचीही सोबत वाटे. सेन्सेई, म्हणजे आमचे प्रोफेसर, साठीला टेकलेले गृहस्थ. कॉरिडॉरमध्ये समोरून आले की मान जराशी लववायची आणि भिंतीकडेने निघून जायचं, एवढाच त्यांचा माझ्याशी दिवसाचा संबंध. मात्र महिन्यातून एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, सगळी प्रयोगशाळा कोकुबुन्चोतल्या कुठल्यातरी इझाकायात, म्हणजे दारूबरोबर खाणंही मिळणाऱ्या गुत्त्यात, जमायची. तिथे तातामीच्या चटईवर मांडी घालून बसलं आणि बिअरचा पहिला ग्लास संपला की सेन्सेईंचे कान लाल व्हायचे आणि त्यांना वाचा फुटायची.

कोकुबुन्चो म्हणजे सेंदाईची संध्याकाळ घालवायची जागा. छप्पर घातलेली लांबलचक बाजारपेठ ओलांडली की डाव्या हाताला ते बोळ सुरू होतात. इमारतींच्या अंगावर वरपासून खालपर्यंत चमकत्या पाट्या, एकेका मजल्यावर तीन-तीन बार, आणि बोळाच्या तोंडाशी मेनूचे फलक धरून उभी असलेली, गिऱ्हाईक ओढणारी पोरं. सेंदाई हे विद्यापीठाचं गाव. निम्मं गाव शिकतं, निम्मं शिकवतं, आणि संध्याकाळी दोघांनाही बिअर देणारे बहुधा त्या शिकणाऱ्यांतलेच असतात. कुठल्यातरी टेनिस क्लबची वीस-पंचवीस मुलंमुली रस्त्याच्या मधोमध गोल करून उभी असायची. आत जायचं की कुणाची वाट पाहायची, हे त्यांचं कधी ठरायचं नाही. मला त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

मी शाकाहारी, त्यात न पिणारी. माझ्या वाट्याला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, तळलेले बटाटे आणि ठेचलेली काकडी. सेंदाईची खासियत म्हणजे भाजलेली गाईची जीभ. ती ताटली माझ्या नाकाखालून पलीकडे जायची तेव्हा मी भिंतीवरची साके नावाच्या दारूची जाहिरात वाचत बसे. ती मला वाचता यायची नाही, हा भाग वेगळा. आमच्याकडचं कुणी मला तिथे पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाई, उपाशी राहायला एवढ्या लांब कशाला गेलीस? तरी मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. कारण साधं होतं. त्या गावात माझ्याशी कुणी बोलायचं ते तिथेच.

आणि मला बोलण्याची भूक होती. नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी पुण्यात, मी इथे. दोन वर्षांचा करार होता, तो मार्चअखेर संपणार होता. तो तीन वर्षांनी वाढला तर नवरा बँकेतून बिनपगारी रजा घेऊन मुलीसह इथे येणार आणि एप्रिलमध्ये ती इथल्या शाळेत जाणार, असा आमचा बेत होता. नाही वाढला तर काय, हे आम्ही बोलायचंच टाळत होतो, कारण माझ्या विषयातलं संशोधनाचं काम पुण्यात नव्हतं. पुढची नोकरी आणखी कुठल्यातरी तिसऱ्या देशात मिळाली असती आणि मुलगी पुन्हा फोनमध्येच राहिली असती. रोज ती फोन चटणीच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि माझ्यासमोर गृहपाठ करायची. मी तिचा भांग बघत बसायचे. वेणी आता तिची तीच घालत होती.

डिसेंबरात सरत्या वर्षाच्या निरोपाची पार्टी झाली. सेन्सेईंनी ग्लास उचलला आणि म्हणाले, आज बुरेइको. म्हणजे आजच्या संध्याकाळी लहान-मोठा कुणी नाही, ज्याला जे बोलायचं ते त्याने मोकळेपणाने बोलावं. हे ते दर वर्षी म्हणत. सगळे हसत, मान डोलावत आणि मग कुणीही काही बोलत नसे. मी पुण्याची. आमच्याकडे स्पष्ट बोलायला कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत, आणि इथे तर चक्क परवानगी मिळत होती.

माझा ऊलाँग चहाचा ग्लास घेऊन मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तिथे स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नसतो, शेजाऱ्याने भरायचा असतो. तसा मी त्यांचा भरला आणि मोडक्या जपानीत, अडलं की इंग्रजीत, सगळं सांगितलं. दोन वर्षं मुलीला जवळ घेतलेलं नाही, सुट्टीतले ते पंधरा दिवस सोडले तर. डिसेंबर आला तरी मला कुणी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. माझं काम चांगलं झालंय हे सगळ्यांना माहीत आहे आणि तोंडाने कुणी म्हणत नाही. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण समोर बसलेले असिस्टंट प्रोफेसर आपल्या ताटलीकडे फार लक्षपूर्वक बघायला लागले.

सेन्सेईंनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही. मग मुलीचं वय विचारलं. आणि सांगायला लागले की तरुणपणी ते दोन वर्षं जर्मनीत होते. परत आले तेव्हा त्यांचा मुलगा आईच्या मागे लपला आणि त्यांना काका म्हणाला. हे सांगताना ते हसत होते, पण डोळे पुसत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी चहाचा जग उचलून माझा ग्लास काठोकाठ भरला.

“मुलीला बोलावून घ्या,” ते म्हणाले. “पुढच्या तीन वर्षांचं मी बघतो.”

मी तिथेच रडले. लाज वाटली नाही. बाहेर पडल्या पडल्या बाजारपेठेतून घरी फोन लावला. पुण्यात अजून उजेड होता. नवरा बँकेतला माणूस, त्याने पहिला प्रश्न केला, “कन्फर्म आहे ना?”

“अरे, सर स्वतः म्हणाले,” मी सांगितलं. “अजून काय पाहिजे?”

मागून मुलगी ओरडत होती की मला दे, मला दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते केलं जे पुण्यातल्या कंपनीत काम केलेलं कुणीही करेल. तिथे सात वर्षांत माझ्या अंगात मुरलं होतं की तोंडी ठरलं म्हणजे अर्धंच ठरलं. ‘काल झालेल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून मी सेन्सेईंना मेल लिहिली. आभार मानले, तीन वर्षांची मुदतवाढ दिल्याबद्दल आनंद व्यक्त केला, कुटुंबाच्या व्हिसासाठी कुठली कागदपत्रं लागतील ते विचारलं. व्हिसाचं काम विभागाचं ऑफिस बघतं म्हणून त्यांनाही प्रत पाठवली. मला हा सभ्यपणा वाटला. अजूनही वाटतो.

उत्तर आलं नाही. कॉरिडॉरमध्ये सेन्सेई भेटले, मान नेहमीइतकीच लवली. वर्षअखेरची गडबड असेल म्हणून मीही लावून धरलं नाही. तिकडे पुण्यात मात्र तयारीला ऊत आला होता. नवऱ्याने रजेचा अर्ज दिला, शाळेत दाखल्याचं विचारून ठेवलं, सासूबाईंनी भाजणी आणि मेतकूट करायला घेतलं. मुलगी वर्गात सांगून मोकळी झाली. रोज फोनवर मला विचारायची की तिथल्या शाळेत खरंच मुलं स्वतःच वर्ग झाडतात का.

जानेवारीत असिस्टंट प्रोफेसर मला जिन्याजवळच्या कॉफीच्या मशीनपाशी घेऊन गेले. भला माणूस. बोलायला इतका वेळ लावला की कॉफी गार झाली. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की बुरेइकोत जे बोललं जातं ते दुसऱ्या दिवशी कुणी उचलून आणत नाही. ते तिथेच राहतं, म्हणून तर तिथे बोलता येतं. सेन्सेई कदाचित हळूहळू चार लोकांशी बोलले असते, कुठून तरी निधी काढला असता. पण माझी मेल ऑफिसात गेली आणि ऑफिसने त्यांना विचारलं की मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीपुढे विषय यायच्या आधी तुम्ही वचन कसं दिलंत. त्यावर त्यांना उत्तर द्यावं लागलं की असं वचन दिलेलं नाही. आणि एकदा तसं सांगितल्यावर आता तेच मागायला ते जाणार कसे?

“ते खोटं बोलले नव्हते,” असिस्टंट प्रोफेसर म्हणाले. “पण ते दिवसा म्हणायचं नव्हतं.”

मी विचारलं, मेल नसती गेली तर झालं असतं का? ते म्हणाले, ठाऊक नाही. आणि मला तो माणूस खरं सांगतोय असंच वाटलं.

मला संताप आला. शब्द म्हणजे काय दूध आहे, रात्रभर बाहेर राहिलं म्हणून सकाळी नासायला? संध्याकाळी खरं बोलायचं आणि सकाळी ते आठवणाऱ्याला वेड्यात काढायचं, ही कसली रीत? कितीतरी दिवस मी भांडी आपटत स्वयंपाक करत होते आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं. रागाच्या तळाशी भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं. घरी मी म्हणाले, कागद यायला उशीर होतोय.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सेन्सेईंनी खोलीत बोलावलं. निधी नाही, करार ठरल्याप्रमाणे संपेल, खेद वाटतो. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत संपलं. बोलताना ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. मी काही विचारलं नाही, कारण दिवस होता, आणि दिवसा विचारून काही हाती लागत नाही हे एव्हाना मी शिकले होते. नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, तिला तू सांग. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब. शुक्रवारी पास होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निरोपाची पार्टी होती, आणि माझ्या मनात अजून वेडी आशा होती की संध्याकाळच्या माणसाकडून काहीतरी निघेल.

त्या शुक्रवारी मी खाण्याकडे पाहिलंही नाही. मुलांनी गाणी म्हटली, कुणीतरी भाषण करताना हुंदका दिला, शेजारच्या खोलीत दुसरंच टोळकं टाळ्या वाजवत होतं. सेन्सेईंचे कान लाल झाल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि ग्लास भरला.

“सेन्सेई, माझी मेल गेली नसती तर?”

त्यांनी ग्लास उचलला नाही. दोन्ही हात त्याच्याभोवती धरले. “त्या संध्याकाळी मला मनापासून वाटत होतं, की तुमची मुलगी इथे यावी,” ते म्हणाले.

एवढंच. पुढे काहीतरी येईल म्हणून मी वाट पाहिली. मग कळलं की हेच उत्तर होतं आणि डिसेंबरातलं वाक्यही एवढंच होतं. त्यांना मनापासून वाटलं होतं. मला त्यांचं मन नको होतं, तीन वर्षं हवी होती. ते दुःखी दिसत होते. एरवी मला वाईट वाटलं असतं, पण त्या दिवशी माझ्याकडे दुसऱ्याला द्यायला कणव शिल्लक नव्हती.

पार्टी संपली की सगळे रस्त्यावर गोल करून उभे राहतात आणि एकमेकांना वाकून नमस्कार करत राहतात. आधी कुणी निघायचं, यावर सगळं अडून बसतं. मी आधी निघाले. कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरबाहेर, सायकली लावायच्या जागेशी उभी राहून फोन लावला. नवरा अजून बँकेत होता. फोन मुलीनेच घेतला आणि मला तोंड उघडू दिलं नाही.

“आई, आज माझा सेंड-ऑफ झाला!”

बाईंनी परस्पर ठरवलं होतं, परीक्षा सुरू व्हायच्या आधी. तिला बाईंच्या खुर्चीवर बसवलं होतं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. वेफर्स होते. जी मुलगी तिच्याशी बोलत नव्हती तीसुद्धा रडली. तिने एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली: रंगपेटी, चमकीचं पाऊच, हाताने केलेली कार्डं, आणि एकावर जपानचा झेंडा, त्याचा गोळा जरा अंड्यासारखा झालेला. प्रत्येक वस्तू कुणी दिली ते नावासकट सांगितलं. मी म्हणत राहिले, छान, छान. मग कार्डं संपली.

मी सांगितलं. जितकं साधं सांगता येईल तितकं साधं. म्हटलं, करार वाढला नाही, त्यामुळे तुम्हाला आता इथे येता येणार नाही, आणि ह्यात तुझी काहीच चूक नाही.

ती रडेल म्हणून मी तयार होते. ती रडली नाही. पडद्यावर मला फक्त तिचा भांग दिसत होता. खाली मान घालून ती कार्डं गोळा करत होती, कडा जुळवत होती. मग पाऊचची चेन ओढून तिने ते रंगपेटीवर ठेवलं.

“मग आता हे सगळ्यांना परत द्यायचं का?” तिने विचारलं.