इनामदारांच्या घड्याळाचा आवाज

ती घटना आठवली की इतक्या वर्षांनीही माझी मान ताठ होते. महाराजांच्या अमदानीत मी कोल्हापूर शहरात फौजदार होतो. दरोडे उघडकीस आणले, खुनांचे तपास केले; पण भेटणारे लोक विचारतात ते एका घड्याळाबद्दलच.

सरदार-इनामदारांच्या घरची जुनी विलायती घड्याळे घ्यायची आणि शौकिनांना चढ्या भावाने विकायची, असा धंदा करणारा एक दलाल तेव्हा बाजारात होता. बोलणे गोड, अंगात रेशमी कोट. मलकापूरकडचे एक वृद्ध इनामदार आपले खिशातले घड्याळ त्याच्याकडे विकायला देऊन गेले. सोन्याचा डबा, आणि कळ दाबली की तास व पाव तास वाजवून दाखवणारे दुर्मीळ यंत्र. इनामदारांची दृष्टी गेली होती. वेळ ते कानानेच पाहत. घड्याळ विकून गावात मुलींच्या शाळेला खोली बांधायची, असे त्यांच्या मनात होते. काही दिवसांनी दलालाने ‘गिऱ्हाईक मिळेना’ म्हणून ते परत केले.

दुसऱ्याच दिवशी इनामदार थोरल्या मुलाचा हात धरून चौकीवर आले.

“फौजदार, डबा माझा हाय, पण आतलं यंत्र माझं न्हाय. त्येचा आवाजच निराळा हाय.”

मुलगा ओशाळून म्हणाला, “आबा थकल्यात, साहेब. भास होतोय त्यास्नी.”

“डोळं गेल्यात माझं, कान न्हाय!” म्हातारा गरजला.

मी फिर्याद लिहून घेतली आणि पंचांसमक्ष डबा उघडवला. झाकणावर एक नंबर कोरलेला, यंत्रावर भलताच. यंत्र सैल पडू नये म्हणून भोवती पितळी कडे बसवलेले. म्हातारा खरे बोलत होता.

दलालाने शांतपणे बोट दाखवले ते घड्याळजीकडे. “साफ करायला त्याच्याकडं दिलं होतं. बदललं असंल तर त्यानंच.”

हा घड्याळजी शहरातल्या जुन्या मुसलमान घराण्यातला. त्याला ताब्यात घेणे भाग पडले. संध्याकाळपर्यंत लोक त्याच्या दुकानातून आपापली घड्याळे परत नेऊ लागले. ज्यांच्या घरी तो ईदेला शीरखुर्मा पाठवी, तेही त्यांत होते.

दोघांच्या जबान्या मी वेगवेगळ्या घेतल्या. घड्याळजी अडखळत होता, आठवत होता, मध्येच स्वतःची चूक दुरुस्त करत होता. दलालाला सगळे पाठ होते. खोटे बोलणाऱ्याची जबानी बहुधा अशीच गुळगुळीत असते.

घड्याळजी शेवटी म्हणाला, “साहेब, मी साफ केलं, वाजवून दावलं आन परत दिलं. चोरायचंच असतं तर सोनं सोडलं असतं व्हय? नुसतं यंत्र घिऊन मी कुणाच्या दारात जाऊ? त्येची पारख असल्याली गिऱ्हाइकं दलालाच्या वळखीची हायत की!”

मला ते पटले. पण पुरावा नव्हता, आणि झडतीची कुणकुण लागताच दलालाने यंत्र मुंबईला रवाना केले असते.

अशा वेळी दलालाच्या शेजारची तांबोळीण चौकीवर आली. म्हणाली, “साहेब, त्यो दुपारी दुकान बंद करून आत बसतोय, आन आतनं बारीक घंटी वाजतीय. रोज. देवाची न्हवं ती.”

माझ्या सगळे ध्यानात आले. मी आजऱ्याच्या ठाण्यावरून एक जमादार बोलावला. इथे त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याला जरीचा फेटा बांधून गिऱ्हाईक बनवले. तांबोळणीच्या दुकानात तरटाच्या पडद्याआड मी, दोन पंच आणि इनामदार बसलो. मधली भिंत नुसती फळ्यांची होती.

जमादाराने दलालाची सगळी घड्याळे नाकारली. “आजऱ्यास्नं एवढ्यासाठी आलो व्हय? खासा माल दावा, न्हायतर उठतो.”

“बसा की पावणं!” दलालाचा आवाज खाली आला. पेटीचे कुलूप उघडल्याचा आवाज झाला आणि मग घंटी वाजली. दाट, गोड, सावकाश.

इनामदारांनी माझा दंड घट्ट धरला. “ह्येच! फौजदार, ह्येच माझं!” ते एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळी गल्ली जमली.

आम्ही आत शिरलो. यंत्र चांदीच्या डब्यात बसवलेले होते. दलाल ‘मुंबईहून आणलंय’ म्हणू लागला. मी यंत्रावरचा नंबर पंचांना मोठ्याने वाचायला लावला. इनामदारांच्या सोन्याच्या झाकणावरचाच तो नंबर! तेव्हा दलालाने सगळे कबूल केले. आंधळ्या माणसाला काय कळणार, असा त्याचा हिशेब होता. पुढे न्यायाधीशांनी त्याला शिक्षा ठोठावली.

घड्याळजीला मी कोठडीतून काढून नुसता घरी पाठवला नाही. पूर्ण पोशाखात त्याच्याबरोबर भर बाजारातून त्याच्या दुकानापर्यंत चाललो. खटला निकाली निघाल्यावर इनामदारांनी दोन्ही डबे त्याच्याच हाती दिले. “तूच बशीव. दुसऱ्याचा हात लागाय नगं.” त्याने गर्दीदेखत यंत्र मूळ डब्यात बसवले, कळ दाबली, आणि घंटी संपताच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. घड्याळजी मान खाली घालून रडत होता आणि हसतही होता.

या तपासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. गुन्हेगाराने काय लपवले हे शोधण्याआधी त्याला कशाचे वेड आहे ते पाहावे. तो दलाल चोरलेला आवाज ऐकल्यावाचून राहू शकला नाही. आणि ज्याची अब्रू चारचौघांत गेली, त्याला ती चारचौघांतच परत मिळवून द्यावी. कोठडीचे कुलूप काढले म्हणजे पोलिसाचे काम संपत नाही.