टोप, दोर, तांदूळ आणि नकाशा

परवा एका सभेत एका सुशिक्षित गृहस्थांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं की, कॉलेजातली ही डोंगर चढणारी मंडळं पोरांना बिघडवतात. अभ्यास बुडतो, वहाणा झिजतात, आणि पोरं कोणाच्याही हातचं खाऊन घरी येतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. तिसरीसाठी तर मी त्या मंडळात गेलो होतो!

आमच्या कॉलेजच्या भ्रमण मंडळाचं छापील पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की भ्रमणाने शरीर काटक होतं, शिस्त अंगी बाणते आणि देशाची ओळख पटते. पत्रकं मीही लिहितो. म्हणून पत्रकात काय घालतात आणि काय गाळतात ते मला चांगलं कळतं. देशाची ओळख पटते म्हणे! देशाची ओळख मला दुसरीच्या वर्गाबाहेर बसून झाली होती.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वराच्या बाजूला. गाव वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आणि आमची वस्ती पलीकडे. गावाच्या विहिरीला आमचा हात चालत नाही. एवढ्यावरून काय ते समजा. वडील मुंबईला गोदीत होते, त्यांच्या खोलीत राहून मी कॉलेजात जात असे आणि संध्याकाळी एका छापखान्यात बसून पाणवठ्यांवर, देवळांवर, शाळेतल्या वेगळ्या बाकांवर पत्रकं लिहीत असे. माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं फार, अशी तिथल्या खिळे जुळवणाऱ्याची तक्रार होती. त्याच्याकडचे खिळे संपायचे.

डोंगर चढायच्या मंडळात नाव घातलंय, असं सुट्टीत आईला सांगितलं, तेव्हा ती डोक्यावरची मोळी उतरवत होती.

"डोंगर चढाया कालेज लागतं व्हय रं?" ती म्हणाली. "मग मी कवाची यमे झाले म्हनायची."

तिचं बरोबर होतं. पण मी डोंगरासाठी गेलोच नव्हतो. मी गेलो मंडळाच्या एका रिवाजासाठी. आधीच्या कुठल्याशा पोरांनी थट्टेत सुरू केलेला तो रिवाज असा, की सफरीला निघालं की नाव आणि आडनाव बंद. जो जे वाहून नेईल तेच त्याचं नाव. कंदील नेणारा कंदील, कुऱ्हाड नेणारा कुऱ्हाड. परत मुंबईला येईपर्यंत दुसऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. आडनावावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या या आमच्या थोर देशात आडनावच मोडीत काढणारं मंडळ! मी त्याच दिवशी नाव दिलं, आणि सामान वाटताना भाताचा मोठा टोप मागितला.

"तो सगळ्यांत जड असतो," मंडळाचा म्होरक्या म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हणालो. खरं कारण दुसरं होतं. मी वाहिलेल्या टोपातला भात सगळे जेवतात की नाही, हे मला बघायचं होतं. तेही मुंबईत नव्हे, माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात. नाताळच्या सुट्टीतली सफर रत्नागिरीहून देवरूखमार्गे सह्याद्रीतल्या एका गडावर जाणार होती.

आम्ही बरेच जण होतो, पण ही गोष्ट चौघांची. म्होरक्या देशावरचा. त्याच्याकडे नकाशा आणि होकायंत्र होतं आणि दोन्ही असूनही वाट चुकण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. तो नकाशा. दुसरा रत्नागिरीच्या खाडीकाठचा मुसलमान, ज्याच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर. तो दोर. तिसरा रत्नागिरी शहरातल्याच एका कर्मठ घरातला, पाठीवर तांदळाचं पोतं, म्हणून तांदूळ. मुंबईत हा माझ्याबरोबर इराण्याकडे एका बशीतला चहा प्यायचा. माझा दोस्त होता. आणि मी टोप.

आगबोटीत बहुतेकांची पोटं ढवळून निघाली. दोर तेवढा रेलिंगला टेकून मजा बघत होता. "टोप लपव रे," तो मला म्हणाला, "आता ओकायला मागतील." रत्नागिरीला बोट बंदराला लागत नाही, दूर उभी राहते आणि पडावातून किनाऱ्यावर उतरावं लागतं. त्या हिंदकळत्या पडावात तांदळाने अचानक टोपी कानांवर ओढली.

"काय रे, थंडी वाजतेय?" मी विचारलं.

"वारा आहे," तो म्हणाला. ऊन असं होतं की पडावाच्या फळीला हात लाववत नव्हता.

पहिला भात आम्ही गावाबाहेर, सड्यावरच्या उघड्या कातळावर शिजवला. तांदळाने पोत्याचं तोंड सोडलं, तांदूळ ओतायला पोतं उपडं केलं, आणि तांदळाच्या आधी आतून एक लहानसं पितळी पातेलं ठण्णकन कातळावर पडलं आणि गडगडत जाऊन माझ्या पायाशी थांबलं. लख्ख घासलेलं. काठाखाली त्याच्या घराण्याचं नाव कोरलेलं.

सगळे हसले. मी हसलो नाही. एकाच टोपात शिजवायचं, हे मुंबईला हात वर करून ठरलं होतं!

"आईने घातलं," तांदूळ पुटपुटला. "मी नको म्हटलं होतं."

तेवढ्यात नकाशाने खाकरून आपल्या पिशवीत हात घातला. "माझ्याकडेही आहे एक," तो म्हणाला. मग कुऱ्हाडीकडून निघालं. मग कंदिलाकडून. ज्याच्या त्याच्या घरून, ज्याच्या त्याच्या नावाचं. दर खानावळीत वेगळी चूल बघत वाढलेली पोरं, एक टोप ठरवून गुपचूप आपापलं भांडं घेऊन आली होती, आणि एवढं पितळ पाठीवर लादून दम लागला म्हणून सकाळपासून चढाला शिव्या देत होती! शेवटी दोरानेही आपलं काढलं. "माझ्यात सुकट आहे," तो म्हणाला. "ती तुमच्या भातात टाकली असती तर मला कड्यावरून टाकलं असतंत." त्याचं एकट्याचं मला पटलं. काय खावं ते ज्याच्या त्याच्या तोंडाने ठरवावं. कोणाबरोबर खावं, ते ठरवणारं भांड्यावरचं नाव कोण?

मी टोपावर पाय ठेवून उभा राहिलो. "बंधूंनो..."

"बंधू भुकेले आहेत," दोर म्हणाला. "चूल पेटव."

भाषण तिथेच राहिलं, आणि एका परीने बरंच झालं. भात टोपात चढला, आणि आणलीच आहेत तर म्हणून बाकीची भांडीही चुलीवर चढली. नकाशाच्या भांड्यात चहा, तांदळाच्या पातेल्यात कुळथाचं पिठलं, कंदिलाच्यात पाणी. एकाही पठ्ठ्याला हे ठाऊक नव्हतं की चुलीवर ठेवण्याआधी भांड्याला बाहेरून राखेचा लेप द्यावा लागतो. घरी कोणी चुलीजवळ गेलं असेल तर ना! ओलीसुकी लाकडं भसाभस धूर ओकत होती. जेवण होईपर्यंत सगळी भांडी काठापर्यंत अशी काळी ठिक्कर झाली की कोरलेलं एक अक्षर दिसेना. घासून पाहिलं, निघेना. दुसऱ्या दिवशी कोणाचं कोणतं ते ओळखणंच सोडून दिलं. हाताला येईल ते घ्यायचं.

जेवलो सगळे एकत्र, हे खरं. पण रिकाम्या सड्यावर जेवण्यात कसली मर्दुमकी? बघायला एक घार होती.

देवरूख जवळ आलं तशी तांदळाने टोपी पुन्हा कानांवर घेतली. नकाशा म्हणाला, रस्ता सरळ बाजारातून जातो. आणि पहिल्यांदाच नकाशाचं बरोबर होतं!

"मला जवळची वाट माहीत आहे," तांदूळ म्हणाला.

ती जवळची वाट एका काटेरी पाणंदीतून गेली, मग कापलेल्या भाताच्या खाचरांतून, मग एका वहाळातून, मग त्याच वहाळातून परत. सकाळ संपली. कुळीथ बघायला आलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली.

"देवरूख मागं ऱ्हायलं की रं, बाबांनो. कुनाला चुकवताय काय?"

दोर तांदळाकडे वळला. "कुणाला चुकवताय काय?" त्याने म्हातारीच्याच सुरात विचारलं.

तेव्हा ते बाहेर आलं. रस्त्यावरच त्याच्या काकाचं घर होतं. काका दिवसभर ओटीवर बसलेला. मंडळी दिसली की बोलावणार, बसवणार, आणि पानं मांडण्याआधी कोण कोणाचा ते विचारणार.

"म्हणून मला काट्यांतून नेलंस?" मी म्हणालो.

"तुला नाही रे, सगळ्यांना नेलं. तुला काय होतंय? माझं घर जाईल. तुझं काय जायचंय?"

"माझं जायचं ते मी जन्मायच्या आधीच गेलंय!" मी ओरडलो. इतका की पलीकडचे बगळे उडाले. "ऐक. येताना पुन्हा ही आडवाट घेतलीस तर हा टोप मी इथे खाचरात ठेवीन आणि एकटा घरी जाईन. मंडळही सुटलं आणि तूही."

तो खाली वाकला. पोतं उचलून चालू लागला.

गडाच्या चढावर मात्र राग टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाठीला टोप बांधलेला, समोर वाळलेलं निसरडं गवत, खाली दरी. माझ्या पुढे चढणाऱ्या तांदळाचा पाय सटकला. त्याने मागे हात टाकला तो नेमका माझ्या टोपाच्या काठावर, आणि आम्ही दोघे, पोतं, टोप, सगळं एकत्र घसरत जाऊन करवंदीच्या जाळीत बसलो. ओरखडे इतके की मोजता येईनात. वरून दोराचा आवाज आला, "टोप आणि तांदूळ एकत्र आले! आता कोणीतरी पाणी घाला!"

हसून हसून आम्हाला उठता येईना. दोराने गाठ मारून दोर खाली सोडला. आधी टोप वर गेला, मग तांदूळ, मग मी.

वर गडावर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. पाणी आणायचं काम टोपाचं. मी काठावर बसलो आणि हात कोपरापर्यंत आत घातला. थंडगार पाणी. मागे वळून पाहिलं. कोणी काही म्हणालं नाही. म्हणणार काय, सगळे पाणी कधी येतं म्हणून जिभा काढून बसले होते! मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ बसलो. ओंजळीने प्यालो, तोंडावर मारलं, पुन्हा प्यालो. पाणवठ्यावर मी इतकी पत्रकं लिहिली होती, पण पाण्यात हात घातल्यावर कसं वाटतं ते त्यांत एका ओळीतही नव्हतं. कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी उतरलो. देवरूखच्या अलीकडे ती पाणंद फुटते, तिथे तांदूळ थांबला आणि वहाणेचा अंगठा नीट करत बसला. बराच वेळ. मी टोपाची दोरी हातात धरून उभा होतो. मग तो उठला, टोपी डोक्यावरून काढून खिशात कोंबली आणि सरळ रस्त्याने चालू लागला.

काका ओटीवर होता.

"अरे, तू? न कळवता? आणि ही पलटण कसली?"

"आमचं मंडळ, काका. हा दोर, हा नकाशा, हा टोप."

"थट्टा पुरे. कोण कोणाचा ते सांग. पानं मांडायची तर कळायला नको?"

मी तोंड उघडलं. तांदळाने हात आडवा केला. "मी सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने सांगितलं. माझं गाव, वहाळापलीकडची वस्ती, सगळं. "निघाल्यापासून आम्ही याच्याच टोपातलं जेवतोय. मीसुद्धा."

काका पुढे वाकला. "आईला ठाऊक आहे?"

"तुम्ही कळवालच ना."

"बाकीच्यांनी वर या," काका म्हणाला. "त्याला खळ्यात वाढतील."

तांदळाने पोतं उतरवलं आणि घरापुढच्या खळ्यात माझ्या शेजारी मांडी घालून बसला. दोर आधीच बसला होता. "मला तसंही वर कोण घेणार होतं?" तो म्हणाला. नकाशाने नकाशा उलगडून गंभीरपणे पाहिला. "यात ओटी दाखवलेली नाही," म्हणाला आणि बसला. मग सगळेच बसले. काका उठून आत गेला. दार आपटल्याचा आवाज आमच्या वस्तीपर्यंत गेला असेल.

आम्ही सकाळचा गार भात काढला. तेवढ्यात आतून काकू आली. हातात सोलांच्या कढीचं भांडं आणि पळी.

"कोरडा भात कसा खाल? भांडं पुढे करा," ती हळू आवाजात म्हणाली.

तांदळाने हाताला आलं ते पातेलं पुढे केलं. "हे कुणाचं रे? केवढं काळं केलंत!"

"सगळ्यांचं, काकू. नाव खाली असेल कुठेतरी."

तिने कढी ओतली. उंचावरून, पातेल्याला पळी लागू नये म्हणून. मी ते पाहिलं. डोक्यात एक अख्खं पत्रक तयार झालं, उद्गारचिन्हांसकट! पण तांदूळ वर बघून म्हणाला, "काकू, अजून उंच धर की. गडावर एवढं चढून धबधबा दिसला नाही, तो इथेच होता."

काकूला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तरी फुटलं. आणि हसता हसता पळी खाली आली. टेकली नाही, खोटं कशाला सांगू? पण खाली आली. कढी मात्र फक्कड होती, आणि हे मी छापून द्यायला तयार आहे.

त्याच्या घरी पुढे व्हायचं ते रामायण झालं. ते त्याचं, त्याने सोसलं. पुढच्या नाताळात सामान वाटताना त्याने सगळ्यांच्या आधी हात वर करून टोप मागितला, आणि पोतं माझ्या वाट्याला आलं. टोपापेक्षा ते कितीतरी जड असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.