सुटकेसची दुसरी बाजू

आमच्या तांड्यातून पोरगी बाहेर पडायची ती रडतच. रीतच तशी होती. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया तिला ढावलो शिकवायच्या, म्हणजे माहेर सोडतानाचं रडगाणं. निघायच्या दिवशी सजवलेल्या बैलावर उभी राहून ती ते गायची, आणि तिच्याबरोबर सगळा तांडा रडायचा. जी चांगली रडली ती चांगल्या घरची. मला हे लहानपणापासून कधी पटलं नाही.

मी निघाले होते विलायतेला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. यवतमाळच्या एका दवाखान्यात मी नर्सचं काम शिकले. तिथल्या मोठ्या बाईंनी खटपट केली आणि पुढच्या शिक्षणासाठी तीन वर्षं इंग्लंडच्या एका इस्पितळात माझी जागा ठरली. लग्न झालेलं नव्हतं आणि करायची घाईही नव्हती. बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यात ही बातमी पोचली, तसा नायक आमच्या ओट्यावर येऊन बसला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलायचो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगते.

“जाऊन राह्यली तं जाऊ दे,” नायक बाला, म्हणजे माझ्या वडलांना, म्हणाला. “शिकली-सवरली हाय, मी कायले अडवू? पण रडून गेली पाह्यजे. न रडता पोरगी पळून जाते, नाई तं मसनात जाते. ही तशी गेली, तं तांडा तिले गेलीच धरन. मंग वापस यायचं नाव नाई.”

मीच आतून म्हटलं, “मले कोणी धाडून नाई राह्यलं, काका. मी आपल्या मनानं चालली. मी कायले रडू?”

नायक उठून गेला. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, चुलीपुढेच कपाळावर हात मारला. तिला विलायतेचं भय नव्हतं, बोटीचं नव्हतं. मी परत आले आणि तांड्यानं मला दारात उभं केलं नाही तर काय, एवढ्या एका भीतीनं तिला झोप येईना. “थोडंसं रड, बेटी,” ती रोज म्हणायची. “खोटं रड. तुले काय होते रडाले?” काही होत नव्हतं, हे खरंच. पण खोटं रडून मिळवलेलं परतीचं दार मला नको होतं. माझा घुस्सा नाकावर असायचा, अजून आहे.

सुटकेस मी यवतमाळच्या बाजारातून जुनी घेतली होती, चामड्याची, एक कोपरा उंदरानं कुरतडलेली. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, “पांढऱ्या साड्या घे, लोकरीचं काही घे. ती तुमची आरशांची कापडं नेऊ नकोस, लोक हसतील.” म्हणून सगळ्यात आधी मी तीच आत ठेवली. माझा आरसे-कवड्या लावलेला घागरा आणि काचोळी. हसणाऱ्यांनी आधी तसा एक टाका घालून दाखवावा आणि मग खुशाल हसावं.

पुढचं भरणं बानं हाती घेतलं. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्या फेरीला लदेणी म्हणत. आज्याची शेवटची लदेणी बानं लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती, आणि लादायचं एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं. त्यानं माझी पुस्तकं एका बाजूला रचली, दुसऱ्या बाजूला तिखटाची आणि जवसाच्या चटणीची गाठोडी. हातात घेऊन तोलून पाहिलं. चटणी हलकी पडली तर तिच्यावर माझ्या चपला ठेवल्या. मधली जागा मात्र साफ रिकामी.

“मधात काहून नाई ठेवत?” मी विचारलं.

“मधात बैलाचा कणा येते. लागते त्याले.”

सुटकेस उभी केली तशी आत सगळं धडाधड कोसळलं आणि तिखटाचं गाठोडं फुटलं. मी शिंकत शिंकत हसले, बा पण हसला, याडीसुद्धा पदराआड हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं. मग मी सगळं काढून, झटकून, माझ्या पद्धतीनं भरलं. बा बाजूला बसून पाहत होता. झाकण लागल्यावर त्यानं सुटकेस उचलून पाहिली आणि विचारलं, “हिची दुसरी बाजू कुठी हाय?”

“सुटकेस एकच असते, बा.”

“हे तं अर्धंच झालं,” तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

निघायच्या सकाळी आमच्या दारात अख्खा तांडा जमला. मी दात-ओठ आवळून बाहेर आले. पाहते तर बा आमचा पांढरा बैल घेऊन उभा. शिंगांना लाल फीत, पाठीवर झूल. बायांनी बैल पाहिला आणि त्यांना वाटलं, बापानं पोरीला नमवलं, आता ही बैलावर चढणार. एका म्हातारीनं ढावलोचा सूर लावला, दुसरीनं उचलला. याडीचे डोळे वाहायला लागले. मला बाचा असा राग आला की सांगता सोय नाही. तूसुद्धा?

बानं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं सुटकेस उचलली आणि दोरानं बैलाच्या एका बाजूला बांधली. मग घरातून एक गोणी आणली, तोंड शिवलेली, आणि दुसऱ्या बाजूला बांधली. दोन्ही हातांनी दोन्हीकडचा तोल पाहिला आणि मग बायांकडे वळून ओरडला, “चूप बसा! लदेणी निघाली तं रडतेत का कोणी?”

बाया चूप झाल्या. म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. लदेणीला निघालेल्यासाठी तांड्यात कुणी रडत नसे. तो परत येणार हे धरलेलंच असे. रडलं की अपशकुन.

नायकाला लदेणीची बांधणी ओळखता येत होती. तो बैलाभोवती एक चक्कर मारून आला. “गोणीत काय हाय?” त्यानं विचारलं.

“मीठ,” बा म्हणाला. “हे घरी राहीन. पोरगी आपली बाजू घेऊन वापस येईन, तवा दोन्ही संगच सोडू.”

“पोरीची लदेणी कोणी पाह्यली नाई,” नायक म्हणाला.

“मंग आज पाहून घे.”

बानं बैल हाकला. मी मागून चालले, मान वर करून, कोरड्या डोळ्यांनी, नायकाच्या घरावरून. बोरी अरबला सुटकेस मोटरीच्या टपावर चढली. बानं गोणी उतरवून खांद्यावर घेतली, कारण एकाच बाजूनं बैल कसा न्यायचा? पुढे बोटीत मी रडले की नाही, ते मी आजही कुणाला सांगत नाही.

तीन वर्षांनी त्याच सुटकेससकट परत आले तेव्हा गोणी आढ्याला टांगलेली होती, शिवण तशीच. मधल्या पावसाळ्यांनी मिठाचा पार दगड झाला होता. घरात मीठ संपलं तरी बानं यातला खडा काढू दिला नाही, असं गाऱ्हाणं याडीनं मी पाय धुते न धुते तोच केलं. मी सुटकेसचे पट्टे सोडले, बानं गोणी उसवली आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं मीठ फोडलं. लदेणी परतली की घरोघर मूठभर मीठ द्यायची जुनी रीत होती म्हणे.

पहिली मूठ घेऊन याडी उठली. मला वाटलं, शेजारी चालली असेल. ती तडक नायकाच्या दारात गेली. आयुष्यभर त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर पुढे ओढून, खाली मान घालून उभी राहिलेली बाई. तिनं पदर मागे सारला आणि मीठ त्याच्या हातावर ठेवलं.

“माही पोरगी रडली नव्हती, नायक,” ती म्हणाली. “आली पाहा.”